कॅमेरा, बोट आणि नसलेली नदी

मोठ्या शहराकडे नदीतून बोटीने जावे आणि वाटेत त्याचे फोटो काढावेत, ही हौस हैदराबादेत आबिड्सच्या फुटपाथवर दर रविवारी विकत मिळते. बंद दुकानांपुढे जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. त्यांत ऱ्हाईन, डॅन्यूब, थेम्स गुळगुळीत कागदावर वाहत असतात. गिऱ्हाईक घासाघीस करून एखादी नदी घरी नेते आणि मग आपल्या गावात अशी सोय कुठे आहे, याची चौकशी सुरू होते.

नदी जवळच आहे. अफझलगंजच्या नया पुलावरून मुसी दिसते. बोट तेवढी दिसत नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी याच मुसीने शहर बुडवले, हजारो माणसे गेली. मग अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावणे गेले, वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे बांधली गेली. पूर आवरला, पाणीही आटले. आता बरेचसे सांडपाणीच वाहते. एक हात नाकावरच्या रुमालाला लागत असल्याने पुलावरून काढलेला फोटो हमखास हलतो.

म्हणून हैदराबादी नौकाविहार हुसेनसागरात होतो. सोळाव्या शतकात इब्राहिम कुतुबशाहाच्या काळी झालेला हा तलाव १५९१ साली वसलेल्या शहरापेक्षाही वडीलधारा आहे. लुंबिनी पार्कच्या धक्क्यावरून लाँच सुटते आणि तलावातल्या बुद्धापर्यंत जाते. म्हणजे शहराकडे जायला निघालेला प्रवासी आधी शहराला पाठ दाखवतो.

हा बुद्ध एकसंध ग्रॅनाइटचा, सुमारे अठरा मीटर उंच. १० मार्च १९९० रोजी तराफ्यावरून नेताना तो तळाला गेला. त्या अपघातात माणसेही दगावली. दोन वर्षांहून अधिक काळ पाण्यात राहून तो १ डिसेंबर १९९२ रोजी तलावातल्याच जिब्राल्टर नावाच्या खडकावर उभा राहिला. एवढ्या सायासाने वर आलेल्या या मूर्तीची बहुतेक फोटोंतली जागा मात्र काकांच्या डाव्या कानामागे असते. ‘अहो, बुद्ध येतोय ना?’ असे काकू विचारतात. बुद्ध येतो, काकांचे डोळे मिटलेले येतात.

सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळी काचेच्या प्लेटसमोर अमीर-उमरावही श्वास रोखून उभे राहत. लाँचवर एका क्लिकपुरतेही कोणी स्थिर राहत नाही. सगळे एकाच कठड्याशी धावतात आणि बोटवाला ओरडतो, ‘बैठो अम्मा, बैठो!’

शहराकडे जाण्याचा खरा प्रवास परतीचा. समोर सचिवालयाचे घुमट, शेजारी १२५ फुटी आंबेडकर, मागे नौबत पहाडावर बिर्ला मंदिराचा पांढरा संगमरवर, असा मावळतीच्या उजेडात रांगेने उभा राहिलेला देखावा ऱ्हाईनकाठीही मिळायचा नाही. पण तोवर फोनची बॅटरी संपत आलेली असते आणि प्रवासी बुद्धासोबतचे फोटो पुसून जागा करण्यात गुंतलेले असतात. जाताना हात आवरावा आणि निम्मी बॅटरी परतीसाठी राखावी.