जोगेश्वरीत रेकॉर्डर कोणता घ्यावा : एक पूर्वमीमांसा

उपग्रह वा केबल यांच्या मध्यस्थीवाचून मनोऱ्यावरून थेट घरच्या अँटेनापर्यंत हवेतून येणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे ध्वनिचित्रमुद्रण करण्यासाठी कोणता डिजिटल रेकॉर्डर निवडावा, या प्रश्नाची चर्चा पाश्चात्त्य ग्राहक-वाङ्मयात विपुल झाली असली, तरी जोगेश्वरीच्या संदर्भात तिची स्वतंत्र मांडणी झालेली दिसत नाही. ही उणीव भरून काढताना आरंभीच नमूद केले पाहिजे की, अशा निवडीला लागणाऱ्या तीन गोष्टींपैकी, म्हणजे मुद्रण करण्याजोगे प्रक्षेपण, ते पकडणारी अँटेना आणि यंत्र विकणारा दुकानदार यांपैकी, जोगेश्वरीत दुकानदार तेवढा हमखास सापडतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि वरळीचा ३०० मीटर उंचीचा मनोरा उपनगरांना कार्यक्रम पुरवू लागला. वरळीपासून जोगेश्वरी सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर असल्याने, आणि या लहरी बव्हंशी सरळ रेषेतच प्रवास करीत असल्याने, मजासवाडी-मेघवाडीच्या पत्र्यांवरील अँटेनांची तोंडे दक्षिणेकडे असत. त्या काळातील ग्रहणशास्त्राची परिभाषा आज लोप पावत चालली आहे, म्हणून तिची नोंद करणे उचित ठरेल. संकेत क्षीण असला की पडद्यावर 'मुंग्या' येत; तोच संकेत एखाद्या उंच भिंतीवर आपटून किंचित उशिरा पुन्हा पोहोचला की प्रत्येक निवेदिकेमागे तिची फिकट जुळी बहीण उभी राही; आणि या दोन्ही दोषांवर घरातील सर्वांत धाकट्या मुलाला छपरावर चढवून, "आलं... गेलं... आता आलं होतं!" अशा खालून येणाऱ्या घोषणांच्या आधारे अँटेना फिरवणे हा एकच उपाय मान्य होता. डिजिटल प्रक्षेपणाने ही परंपरा संपुष्टात आणली. त्यात चित्र आकड्यांच्या रूपाने येते, आणि पुरेसे आकडे पोहोचले तर ते संपूर्ण स्वच्छ दिसते, न पोहोचले तर काहीच दिसत नाही; मुंग्यांमधूनही क्रिकेटचा चेंडू ओळखणाऱ्या पिढीच्या कौशल्याला तेथे वाव नाही.

असे डिजिटल प्रक्षेपण जोगेश्वरीकरांच्या डोक्यावरून गेले, हे विधान येथे शब्दशः घ्यावयाचे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबईसह १६ शहरांत, ज्यांत तेव्हाचे औरंगाबादही होते, डीव्हीबी-टी२ नावाच्या मानकानुसार प्रक्षेपण सुरू केल्याचे जाहीर केले. मानक म्हणजे प्रक्षेपक आणि ग्राहकयंत्र यांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे याचा करार. या करारानुसार डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि प्रादेशिक वाहिनी किंवा डीडी किसान अशा पाच वाहिन्या विनामूल्य मिळणार होत्या, आणि एक लहानसा डोंगल लावल्यास त्या मोबाइलवरही दिसणार होत्या. दुसरीकडे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने मोडीत निघाले आणि सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरले. एवंच, जे प्रक्षेपण बंद व्हायचे होते त्याची माहिती सर्वांना होती. जे सुरू झाले, ते मात्र गुप्तदानाच्या थोर परंपरेस अनुसरून सुरू झाले.

तरीही एखाद्या चिकाटीच्या नागरिकाने निवड करावयाचीच ठरवली, तर त्याने प्रथम ट्यूनरचा विचार करावा, असे शास्त्र सांगते. ट्यूनर म्हणजे हवेतल्या असंख्य लहरींतून हवी ती एक वेचणारा भाग. एक वाहिनी पाहताना दुसऱ्या लहरीवरची वाहिनी मुद्रित करावयाची असेल, तर तो दुहेरी लागतो. पाचही वाहिन्या एकाच गठ्ठ्यात बांधून एकाच लहरीवर येत असतील तर मात्र एका ट्यूनरवर भागते, आणि निवडीतला सर्वांत खर्चिक मुद्दा दूरदर्शनच्या काटकसरीमुळे आपोआप निकालात निघतो. दुसरा मुद्दा साठवणक्षमतेचा. सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने येणाऱ्या वाहिनीस तासाला सुमारे ९०० मेगाबाइट जागा लागते, म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर साधारण ११०० तासांचे, अर्थात अखंड ४६ दिवस-रात्रींचे मुद्रण मावेल. इतके दिवस डीडी किसान पाहू इच्छिणारा रहिवासी जोगेश्वरीत कोठे राहतो, हा लोकसंख्याशास्त्राचा विषय असल्याने येथे सोडून दिलेला बरा. तिसरा मुद्दा वेळापत्रकाचा. रेकॉर्डर ठरल्या वेळी चालू होतो आणि ठरल्या वेळी बंद होतो, परंतु कसोटी सामना लांबला आहे किंवा राष्ट्रीय दुखवट्यामुळे मालिकेच्या जागी सारंगी लागली आहे, हे त्या यंत्रास उमगतेच असे नाही. सबब ते श्रद्धेने सारंगी मुद्रित करते.

या टप्प्यावर न्यू जर्सीतील एडिसनचा उल्लेख अपरिहार्य ठरतो, कारण उपनगरांतील पुष्कळ तांत्रिक निर्णय तेथील नातेवाइकांच्या बॅगेतून येतात. अमेरिकेत टिव्होसारखी यंत्रे १९९९ पासून विकली जाऊ लागली. तेथे अँटेना लावून फुकट वाहिन्या पाहणारे आणि त्या मुद्रित करून ठेवणारे लोक आजही आहेत, म्हणून भाचा मामासाठी कौतुकाने तसा रेकॉर्डर घेऊन येतो. तो रेकॉर्डर तेथल्या १२० व्होल्टच्या विजेवर वाढलेला आणि एटीएससी हे मानक बोलणारा असल्याने, जोगेश्वरीच्या २३० व्होल्टमध्ये आणि डीव्हीबी-टी२च्या बोलीत त्याची अवस्था मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी विरारहून चढून अंधेरीस उतरू पाहणाऱ्या परदेशी पाहुण्यासारखी होते. गंमत अशी की, थेट मोबाइलवर प्रक्षेपण पोहोचवण्याच्या ज्या स्वदेशी तंत्राची चाचणी १९ शहरांत घेण्याचे आणि ज्यासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवण्याचा आग्रह धरण्याचे केंद्र सरकारच्या वतीने जानेवारी २०२४ मध्ये सांगण्यात आले, ते त्याच अमेरिकी घराण्यातील एटीएससी ३.० या नव्या मानकावर आधारलेले आहे. म्हणजे मामांनी डीव्हीबी-टी२चा डबा शोधून आणेपर्यंत आकाशाची भाषा पुन्हा बदललेली असण्याचा संभव आहे, आणि भाच्याचा जुना डबा याही भाषेत मुकाच राहील.

अँटेनाचा खरा उपयोग एका क्षेत्रात मात्र नाकारता येत नाही. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीस देणे खासगी वाहिन्यांना बंधनकारक झाले. परंतु असे प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या भूप्रक्षेपकांवरून आणि विनामूल्य उपग्रह सेवेवरूनच दाखवावे, खासगी केबलवर नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. शिवाय हवेतून येणारे चित्र इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राच्या बरेच पुढे असते. म्हणून इमारतीत एका घरी अँटेना असल्यास गडी बाद झाल्याची आरोळी तेथून प्रथम उठते, आणि महागडी वर्गणी भरलेल्या शेजाऱ्यांच्या पडद्यावर त्या वेळी गोलंदाज अजून धाव घेत असतो. सामना मुद्रित करून नंतर निवांत पाहण्याचा बेत याच आरोळीने उधळला जातो, हे निवड करणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

कार्यक्रम त्याच्या वेळी न पाहता आपल्या वेळी पाहणे, यास 'काळांतरण' म्हणता येईल. असे घरगुती मुद्रण कायदेशीर आहे काय, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी कंपनीच्या व्हीसीआरच्या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने होकार दिला. जोगेश्वरीत हा वाद उद्भवला नाही, कारण येथील काळांतरणाचे यंत्र शेजारच्या काकू हे होते. रात्री हुकलेला भाग सकाळी नळावर किंवा आठ-बत्तीसच्या लेडीज डब्यात त्या पूर्ण ऐकवीत, जाहिराती वगळून, सुनेच्या स्वभावावरील भाष्य जोडून, आणि वीज गेलेल्या मिनिटांत काय घडले असेल याचा साधार अंदाज देऊन. आज तर मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागते आणि पुढच्या भागाचा आरंभ मागच्या भागाच्या शेवटाने होतो. कथानक स्वतःच स्वतःचे मुद्रण करीत पुढे सरकत असल्यामुळे, किंबहुना न सरकत असल्यामुळे, रेकॉर्डरला करण्यासारखे फारसे उरत नाही.

ज्यांना काकू उपलब्ध नाहीत त्यांच्यासाठी केबलवाल्याचा डबा असतो. मुंबईत केबलचे डिजिटायझेशन ३१ ऑक्टोबर २०१२च्या मुदतीने झाले, तेव्हापासून घरोघरी आलेल्या डब्यांपैकी अनेकांना मागे पेनड्राइव्हसाठी एक खाच असते, आणि "रेकॉर्डिंग पण होतं, साहेब" असे ती दाखवून सांगितले जाते. होते, हे खरेच. परंतु ते मुद्रण सांकेतिक कुलपात बंद असते आणि सामान्यतः त्याच डब्यावर, तेही वर्गणी चालू असेपर्यंतच उघडते. पेनड्राइव्ह ग्राहकाचा, वीज ग्राहकाची, जागा ग्राहकाची, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला, ही व्यवस्था भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्यांना अपरिचित वाटत नाही.

नागरिकाने इतकी यातायात का करावी, असा प्रश्न कोणी उपस्थित केल्यास, ज्यांनी करावयास हवी होती त्यांनी ती केली नाही, हे उत्तर देता येते. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात चुंबकीय फिती महाग आणि तुटपुंज्या असल्याने प्रक्षेपण झालेल्या कार्यक्रमावरच पुढचा कार्यक्रम मुद्रित केला जाई, आणि त्यामुळे कितीतरी नाट्यावलोकने, मुलाखती आणि मालिका कायमच्या पुसल्या गेल्या. प्रेक्षक त्या काळी सेटचे परवाना शुल्क टपाल कार्यालयात रांग लावून भरीत होता. त्या पावत्या आजही पुष्कळांच्या ट्रंकेत सुस्थितीत आहेत.

आता उरतो दुकानदार. स्वामी विवेकानंद मार्गावर किंवा पूर्वेस गुंफा रोडच्या बाजूला विद्युत उपकरणांच्या दुकानात डिजिटल रेकॉर्डर या अर्थाने 'डीव्हीआर' मागितला की तो यत्किंचितही न गोंधळता विचारतो, "चार चॅनेलचा देऊ की आठ?" दूरदर्शनच्या पाच वाहिन्या मनात मोजलेला ग्राहक दूरदृष्टीने आठ चॅनेलचा घेतो, आणि खोके उघडल्यावर त्यास कळते की येथील व्यवहारात चॅनेल म्हणजे कॅमेरा, आणि डीव्हीआर म्हणजे पाळत ठेवणारे यंत्र. ते परत घेण्याची पद्धत नसल्याने तो ते आपल्या गृहनिर्माण संस्थेस पडत्या भावात देऊ करतो, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत, दोन कोटेशने का मागवली नाहीत या हरकतीची नोंद घेऊन, ठराव बहुमताने मंजूर होतो.

अशा रीतीने जोगेश्वरीत डिजिटल रेकॉर्डर आज इमारतीगणिक बसलेला आढळतो. फाटक, जिना, लिफ्टचा दरवाजा, मीटरची खोली आणि दुचाकींची जागा येथील कार्यक्रम तो अहोरात्र, जाहिरातींविना टिपतो. रात्रपाळीचा वॉचमन हा त्याचा एकमेव नियमित प्रेक्षक असतो. आणि डिस्क भरली की यंत्र आपणहून सर्वांत जुन्या मुद्रणावर नवे मुद्रण चढवू लागते. आठवा कॅमेरा गच्चीवर असतो. जुन्या इमारतीत त्याच्या चौकटीत पाण्याच्या टाकीशेजारी वरळीकडे तोंड करून उभी असलेली गंजलेली अँटेना दिसते, तीवर बहुधा एक कावळा असतो, आणि दर पंधरा दिवसांनी दोन्ही पुसले जातात.