तिसरा नियम उद्या

बाप : सर, एक जीबीचा वाढीव पॅक कुठला चांगला? न्यूटन आडकलाय.

सर : कुठं?

बाप : दुसऱ्या नियमाच्या पुढं. दिवसाला दीड जीबी येतो. सकाळी थोरलीचा क्लास, दिवसभर मी मानवतच्या कापसाचा भाव बगतो, आन् रात्री नववीवाल्याचा नंबर. पहिला नियम होतो, दुसरा होतो, तिसऱ्याच्या तोंडाशी नेट संपतं.

सर : भाव बघायला एवढं नेट लागतं?

बाप : वाढतो का ते बगत ऱ्हावं लागतं ना.

सर : बरं, मग दुसऱ्या दिवशी तिसऱ्यापासून लावायचं.

बाप : लागत न्हाई. शिकवणीचं ॲप म्हणतं, आधीचा भाग पुरा बगा. मग पुन्हा पहिला. तवर भाव बगून झालेला असतो.

सर : म्हणजे जूनपासून तुझं पोरगं दोन नियमांवर जगतंय.

बाप : पर दोन्ही पक्के. झोपेतून उठवून इचारा.

सर : झोपेतून उठतो का?

बाप : बाहेरून बळ लावल्याबिगर जागची वस्तू हालत न्हाई, असं स्वतःच सांगतो. आन् बळ लावायला गेलं की उलटून येतं अंगावर. काल म्हणलं, जनावरांला पाणी पाज. तर म्हणला, तुम्हीच पाजा, मी फिजिक्स करतोय.

सर : जेवढ्या जोरानं तू बोललास, तेवढ्याच जोरानं उलट आलं?

बाप : तंतोतंत.

सर : तिसरा नियम असाच असतो. फक्त त्यात उद्धटपणा नसतो.

बाप : म्हणजे फुकटच झाला म्हणा की तिसरा!

सर : फुकटावरून आठवलं, त्या ॲपचे किती भरलेस?

बाप : औंदाचं सोयाबीन गेलं. हप्ते राहिलेत अजून. पर माणूस लई गोड बोलला बगा. थेट पुण्याहून फोन. म्हणला, दादा, तुमच्या लेकरात शास्त्रज्ञ हाय.

सर : त्यानं लेकरू पाहिलं होतं?

बाप : न्हाई. म्हणून तर विश्वास बसला. बगून बोलणारं कोणी असं म्हणत न्हाई.

सर : अरे, नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. पहिल्या पानावर क्यूआर कोड आहे. दीक्षा ॲपवर स्कॅन केला की सरकारी पाठ उघडतात. एक रुपया पडत नाही.

बाप : ते ठाऊक हाय.

सर : मग उघडलं का नाही?

बाप : फुकट हाय ना.

सर : दुसरं सांगतो. कार्ल वायमन म्हणून अमेरिकेतले शास्त्रज्ञ. 2001 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा उद्योग काढला. पडद्यावर बॅटरी, बल्ब, तारा ठेवलेल्या. पोरानं जोडायच्या. चुकलं तर बल्ब लागत नाही. नुसतीच तार या टोकाहून त्या टोकाला लावली तर बॅटरीला आग लागलेली दिसते.

बाप : आमच्या डीपीला खरीच लागते.

सर : मराठीतही आहे. एकदा उतरवून घेतलं की पुढं नेट लागत नाही.

बाप : त्यात सर बोलतेत का?

सर : नाही. पोरानं स्वतः करून बघायचं.

बाप : सर न्हाईत, फी न्हाई, नेटसुद्धा न्हाई. मग शिकवतंय कोण? आमचं बगा, कोट घातलेले सर हायत. पाठीमागं निळा उजेड. चेंडू टाकला की चेंडूच्या मागं बाण निघतेत.

सर : तुझ्या पोरानं चेंडू टाकला का?

बाप : ते कशाला टाकील? बगतोय ना टाकताना.

सर : शेतात रात्रीची थ्री फेज आली की पाइपाचं तोंड कोण धरतं?

बाप : त्योच. दोन्ही हातांनी धरावं लागतं. न्हाईतर पाणी पुढं जातं आन् पाइप मागं हिसडा मारतो. एकदा छातीवर बसला.

सर : पाणी पुढं, पाइप मागं. रोज रात्री पोरगं तिसरा नियम दोन्ही हातांनी दाबून धरतंय, आणि घरी येऊन त्याचीच वाट बघतंय.

बाप : हे बरंय तुमचं. मग परीक्षेत पाइप लिहावा का?

सर : लिहावा की.

बाप : मार्क देतेत पाइपाला? सांगा ना. तपासणारा काय माझ्या वावरात येतो? त्याला व्याख्या पाहिजे, आकृती पाहिजे, एकक पाहिजे. दहावीला विज्ञानाचे 40 आन् 40 लेखी, 20 प्रात्यक्षिकाचे. ते 20 कसे पडतेत, तुम्हाला म्या सांगावं?

सर : जर्नल उतरवून.

बाप : एकाचं बगून साऱ्या वर्गानं. आन् सगळ्यांला अठरा. आमच्या टायमाला भिंग होतं, कपाटात होतं, काचेतून बगितलं. भिंगातून न्हाई, कपाटाच्या काचेतून! आन् आता म्हणता पोरानं हात लावावा.

सर : चावी हेडमास्तरांच्या खिशात असायची. भिंग फुटलं तर डेडस्टॉक रजिस्टरला काय लिहायचं, ही सगळ्यांना भीती. न फुटता सेवानिवृत्त झालं ते.

बाप : मग शाळेनं कुलूप लावायचं आन् ॲप घेतलं की आमच्यावर हसायचं? पोरगं शिकावं म्हणून सोयाबीन घातलं मी. जुगारात न्हाई घातलं.

सर : हसलो नाही.

बाप : हसलात. मघाच, कोटाच्या टायमाला.

सर : कोटाला हसलो, तुला नाही. बरं, शाळेचं सोड. येलदरीचं धरण आपल्या जिंतूर तालुक्यातलं. साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आहे तिथं. वरचं पाणी खाली येतं आणि चाक फिरवतं. तुझ्या पोरानं ते पाहिलंय?

बाप : धरण पाहिलं. मासे खायला गेलो होतो.

सर : आणि स्थितिज ऊर्जा?

बाप : ती मोबाईलवर पाहिली. तिथंसुद्धा धरणच दाखवतेत.

सर : हे बघ, रविवारी पाठव त्याला. टॉर्चचा बल्ब, एक सेल, हातभर तार, आणि झाकण घट्ट न बसणारी कुठलीही डबी. फोन घरी राहू दे.

बाप : फी?

सर : फी कसली?

बाप : मग त्याची आई न्हाई पाठवायची. म्हणील, फुकट शिकवतेत म्हणजे काही तरी कमी असंल.

सर : बरं, महिन्याला शंभर दे.

बाप : शंभरात कुठं फिजिक्स येतं, सर!