हसण्याचे 19 रुपये

लखनौच्या महानगर भागात राहणाऱ्या मराठी माणसाला टीव्हीवर दिसणाऱ्या प्रत्येक मराठी माणसासाठी जामीन राहावं लागतं. इथं मराठी नावं कमी. एक आमच्या दारावरच्या पाटीवर आणि दुसरं भाऊराव देवरस रुग्णालयाच्या पाटीवर. रुग्णालयाला जाऊन कुणी जाब विचारत नाही, म्हणून मला विचारतात. एखाद्या हिंदी मालिकेत कुणी इन्स्पेक्टर शिंदे लाच खाताना दिसला, की दुसऱ्या दिवशी गोल मार्केटात मेथीची जुडी निवडत असताना त्याचा खुलासा मी करायचा.

अशोक सराफ तेवढे या जामीनकीतून सुटले. 1995 साली ‘हम पाँच’ सुरू झाली आणि पाच मुलींचे गांजलेले बाप आनंद माथुर होऊन ते इथल्या घराघरांत शिरले. लखनौत कायस्थांची वस्ती जुनी. त्यांनी माथुरसाहेबांना जे आपलं म्हटलं, ते आजतागायत सोडलेलं नाही. मी एकदा मोठ्या अभिमानानं सांगून पाहिलं, की हे आमचे, मराठी, आणि आडनाव सराफ. ऐकणाऱ्याला वाटलं, मी चौकातल्या एखाद्या सोनाराबद्दल बोलतोय.

तर अशा या वस्तीत 25 मार्च 2018 रोजी विनोदवीर कपिल शर्मा टीव्हीवर परत आला. मधल्या काळात काय काय झालं, हे देशातल्या प्रत्येक घराला तोंडपाठ होतं. ऑस्ट्रेलियाहून परतताना विमानात सहकलाकार सुनील ग्रोव्हरशी भांडण, सोनीवरचा कार्यक्रम बंद, ‘फिरंगी’ नावाचा सिनेमा येऊन गेला हे कुणाला कळलंही नाही. आता नव्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘फॅमिली टाइम विथ कपिल शर्मा’. खेळ, बक्षिसं, गप्पा. सोबतीला सूत्रसंचालक नेहा पेंडसे. झालं! पेंडसे हे नाव ऐकल्याबरोबर समोरच्या घरातल्या भाभीजींनी गच्चीवरून मला हाक मारली, “भाईसाहब, ये आपकी तरफ़ की हैं ना?” त्या क्षणापासून नेहा पेंडसेचा प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक साडी माझ्या खात्यावर जमा होऊ लागली.

पहिल्या भागात अजय देवगण आला, ‘रेड’ची जाहिरात करायला. ‘रेड’ ही 1981 सालच्या लखनौतल्या आयकर अधिकाऱ्याची गोष्ट, चित्रीकरणही इथलंच. त्यामुळं आमच्या गल्लीचं निम्मं लक्ष विनोदाकडं आणि निम्मं ‘तो मागं दिसलेला रस्ता कुठला’ याच्याकडं. आमच्या वरच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक अंकलजी राहतात. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी जिन्यात मत दिलं: “सेट बहुत सुंदर है.”

लखनौत नवीन आलेल्याला हे ऐकून बरं वाटेल. इथं मुरलेल्याला कळतं की कार्यक्रमाचं काही खरं नाही. या शहरात कुणाच्या तोंडावर वाईट बोलायची रीत नाही. आणि टीव्हीचा पडदा हेही शेवटी एक तोंडच. त्यामुळं टीका वरून खाली उतरत येते. नटाबद्दल बोलायला काही असेल तर नटाबद्दल बोलतात. ते नसेल तर पाहुण्यांबद्दल, मग कपड्यांबद्दल, मग सेटबद्दल. दुसऱ्या भागानंतर अंकलजी प्रकाशयोजनेवर आले. तिसऱ्या भागानंतर म्हणाले, “आवाज़ साफ़ आ रही थी.” चौथा भाग आलाच नाही. तीन भागांत कारभार आटोपला.

आणि मग एक चमत्कार झाला. कार्यक्रम बंद पडला तसा तो चांगला होत गेला. एप्रिलच्या अखेरीला लोक म्हणायला लागले की वेळ द्यायला हवा होता. मे महिन्यात, दशहरी आंबे यायच्या आधीच, ‘पहिल्या भागात काय हसलो होतो’ इथपर्यंत मजल गेली. मी त्या पहिल्या भागाच्या वेळी खिडकीत उभा होतो. गल्लीतून प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांखेरीज काही ऐकू आलं नव्हतं. नेहा पेंडसेबद्दल मात्र भाभीजींनी मला बरेच दिवस क्षमा केली नाही. पुढं जानेवारी 2021 मध्ये ती ‘भाबीजी घर पर हैं’मध्ये अनिता भाभी होऊन आली, तेव्हा कुठं माझा जामीन मोकळा झाला.

इथं जरा वेगळी गंमत आहे. ‘भाबीजी’ घडते कानपुरात. लखनौ आणि कानपूर यांच्यात जेमतेम 80-90 किलोमीटरचं अंतर आणि एकमेकांबद्दल भरपूर मतं. लखनौकराच्या मते आपण बोलतो ती भाषा आणि कानपूरकर बोलतो ती बकैती. कानपूरकराच्या मते लखनौकर ‘पहले आप’ करत राहतो आणि गाडी निघून जाते. त्यामुळं 2018च्या डिसेंबरात जेव्हा कळलं, की सुनील ग्रोव्हर स्टार प्लसवर ‘कानपुर वाले खुरानाज़’ घेऊन येतोय, तेव्हा महानगरात जी उत्सुकता पसरली तिचं कारण सुनील ग्रोव्हर नव्हता. टीव्हीवर दर आठवड्याला कानपूरची यथेच्छ फजिती बघायला मिळणार, या आशेनं लोक रजया घेऊन बसले होते.

15 डिसेंबरला पहिला भाग झाला आणि सगळ्यांची निराशा झाली. कार्यक्रमात कानपूर कुठंच नव्हतं!

आमच्या तळमजल्यावर एक मुलगा भाड्यानं राहायचा. लखनौतल्याच कपूरथला चौकात क्लास लावून सरकारी परीक्षांची तयारी करत होता आणि मूळचा अस्सल कानपूरचा. तो या विषयातला न्यायाधीश ठरला. त्याचा कस एकच, राजू श्रीवास्तव. राजू श्रीवास्तव कानपूरचा. 2005च्या ‘ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’मध्ये त्यानं आपला गजोधर उभा केला, तेव्हा लग्नाच्या पंगतीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत सगळं नुसत्या आवाजातून दिसायचं. हा मुलगा म्हणाला, “गजोधर भैया के मोहल्ले की महक आती थी. यहाँ तो परफ़्यूम की आ रही है.” भाभीजींचा आक्षेप आणखी मुळाशी जाणारा: कानपुरात खुराना कुठून आले? यावर तो मुलगा खवळला. “गोविंद नगर हो आइए, आंटी!” फाळणीनंतर आलेली पंजाबी कुटुंबं कानपूरच्या गोविंदनगरात वसली, दुकानं काढली, वाढली, हा इतिहास त्यानं स्पर्धा परीक्षेच्या तयारीतल्या माणसाच्या उत्साहानं सांगितला. म्हणजे निकाल असा लागला, की आडनाव अस्सल कानपुरी आणि बाकी सगळं मुंबईचं.

कुणाल खेमू, उपासना सिंग, अली असगर, सुगंधा मिश्रा, फराह खान, माणसं काही थोडी नव्हती. कमी नव्हती हीच बहुधा पंचाईत. दर आठवड्याला खुरानांच्या घरी सिनेमावाले पाहुणे यायचे, आणि पाहुणे आले की घरच्यांना घरचं काही करता येत नाही, हा तर आपल्या सर्वांचाच अनुभव. माथुरांच्या घरात पाच मुली होत्या, भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी पहिली बायको होती. बाहेरून कुणी आलं नाही तरी आनंद माथुरांना अर्धा तास सुखानं चहा पिता यायचा नाही. तिथं हसू आपोआप शिजायचं. खुरानांकडं ते बाहेरून मागवावं लागे.

अंकलजींनी या वेळी सेटची स्तुती केली नाही. त्यांनी थेट के. पी. सक्सेनांचं नाव काढलं. हे मात्र गंभीर प्रकरण होतं. के. पी. सक्सेना म्हणजे लखनौच्या विनोदाचं हायकोर्ट. आयुष्य रेल्वेच्या नोकरीत काढलं, म्हणून अंकलजींचे ते खात्यातलेही दैवत. लखनौ दूरदर्शन सुरू झालं 1975 साली, आणि पुढं त्याच्यासाठी केपींनी ‘बीबी नातियों वाली’ लिहिली. नातवंडांनी भरलेलं घर आणि चौकातली भाषा. ती लागली की अंकलजी म्हणे ड्यूटी बदलून घ्यायचे. “और आपके गोवारीकर साहब को भी ‘लगान’ के लिए यहीं आना पड़ा,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ‘लगान’चे आणि ‘स्वदेस’चे संवाद केपींचे, हे खरं. मी आशुतोष गोवारीकरांच्या वतीनं लगेच आभार मानून टाकले. जामीनकीची सवय, दुसरं काय.

29 डिसेंबरला कपिल सोनीवर परत आला, तोही शनिवार-रविवार, आणि महानगराची सरळ फाळणी झाली. आता कुठला कार्यक्रम चांगला हा प्रश्नच उरला नाही. विमानात चूक कुणाची, यावर घरं विभागली गेली. जन्मात विमानात न बसलेली माणसं विमानातल्या जेवणाच्या शिष्टाचारावर तासतासभर बोलायची. भाभीजी कपिलच्या पक्षात. “घर का लड़का है, ग़ुस्सा आ गया.” तळमजल्यावरचा मुलगा सुनीलच्या. त्यानं सुनीलनं बाईच्या वेशात रंगवलेली, नोकरी मागत फिरणारी गुत्थी पाहिली होती आणि बेरोजगार माणसाला बेरोजगाराची बाजू घ्यावीच लागते. दोघं कलाकार पुढं 30 मार्च 2024 रोजी नेटफ्लिक्सवर गळ्यात गळे घालून एकत्र आले. आमच्या गल्लीतल्या काही घरांनी अजून समेट केलेला नाही.

जानेवारीत पुण्याहून आत्या आली. प्रयागराजला अर्धकुंभ होता, त्याआधी दोन-चार दिवस आमच्याकडं मुक्काम. येताना ती ‘भाई: व्यक्ती की वल्ली’चा पूर्वार्ध बघून आली होती आणि संतापलेली होती. “अरे, पुलंच्या तोंडात सिगारेट किती! माणूस लिहायचा कधी?” पुलंचं जन्मशताब्दी वर्ष, त्यात हा अपमान, गंगेत बुडी मारून हे धुतलं जाईल की नाही, याची तिला शंका होती. अशा मनःस्थितीत शनिवारी तिला आम्ही खुरानांसमोर बसवलं. ती शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसली. शिवरायांच्या दरबारात पकडून आणलेल्या इंग्रज वकिलानं बसावं तशी.

कार्यक्रम संपला. घरात शांतता. आत्या म्हणाली, “मुलगा गुणी आहे रे. पण याला लिहून कोण देतं?”

एवढ्या आठवड्यांत एवढ्या लोकांनी मतं दिली, सेटपासून फाळणीपर्यंत सगळं झालं, पण लिहिणाऱ्याची चौकशी करणारी ती पहिलीच. सुनील ग्रोव्हरची पंचाईत तिनं बरोबर पकडली होती. हा माणूस ओढणी नीट करता करता हशा घेतो, पण ओढणी किती वेळ नीट करणार? पुढं काहीतरी बोलायला लागतं. मी हे मत भाषांतर करून अंकलजींना सांगितलं. ते जिन्यात दोन पायऱ्या खाली उतरून आले आणि म्हणाले, “बुआजी को प्रणाम कहिएगा.” केपींच्या हायकोर्टानं सदाशिव पेठेचा निकाल कायम केला होता.

पण खरी परीक्षा फेब्रुवारीत. 1 तारखेपासून दूरसंचार नियामकाचा नवा नियम आला: पाहाल त्याच वाहिनीचे पैसे द्या. मूळचे 130 रुपये, वर कर, आणि त्यावर एकेक वाहिनी निवडून घ्यायची. स्टार प्लस 19, सोनी 19, झी मराठी 19. केबलवाला पोऱ्या छापील तक्ता आणि शाईनं गळणारं पेन घेऊन दारोदार फिरू लागला. आजवर मत देणं फुकट होतं, आता 19 रुपये पडणार म्हटल्यावर सगळ्यांच्या निष्ठा एकदम पातळ झाल्या. विमानातल्या भांडणावर हिरिरीनं बोलणारा कानपूरचा मुलगा म्हणाला, मोबाइलवर बघेन. अंकलजींनी तक्ता परत केला आणि विजयी मुद्रेनं सांगितलं की दूरदर्शन सक्तीनं आणि फुकट मिळतं. आमच्याकडं बायकोनं ‘चला हवा येऊ द्या’साठी झी मराठीवर आधीच फुली मारली होती. भाऊ कदमच्या बाबतीत आमच्या घरात चर्चा होत नाही. उरलेल्या एका जागेसाठी स्टार प्लस की सोनी?

शेवटी भाभीजींशी तह झाला. त्यांनी सोनी घ्यायची, आम्ही स्टार प्लस. शनिवारी कपिल बघायला आम्ही त्यांच्याकडं जायचं, खुराना बघायला त्यांनी आमच्याकडं यायचं. चहा ज्याच्या त्याच्या घरचा. 19 रुपयांत दोन्ही पक्ष सुखी.

शाई वाळते न वाळते तोच, त्याच महिन्यात, ‘कानपुर वाले खुरानाज़’ संपला. सुनील ग्रोव्हरला सलमान खानच्या ‘भारत’ला तारखा द्यायच्या होत्या, कार्यक्रम मुळातच थोडक्या आठवड्यांसाठी होता, असं वर्तमानपत्रांतून कळलं. खुराना घर सोडून गेले आणि स्टार प्लस आमच्याकडं राहिली. तहाप्रमाणं आम्ही दर शनिवारी भाभीजींकडं जाऊन कपिलला हसून येऊ लागलो. आणि तहाप्रमाणंच, आता खुराना नाहीत तर दुसरं काही, म्हणून भाभीजी सोमवार ते शुक्रवार रात्री आमच्याकडं ‘ये रिश्ता क्या कहलाता है’ बघायला येऊ लागल्या. ती मालिका 2009 पासून चालू होती आणि नायिकेच्या मुलीचंही एव्हाना लग्न झालेलं होतं.

एका रात्री जाहिराती लागल्या. भाभीजींनी शेंगदाण्याची वाटी पुढं ओढली, उसासा टाकला.

“वो कानपुर वाला प्रोग्राम कितना अच्छा था. बंद नहीं करना चाहिए था.”

बायकोनं विचारलं, “आपने देखा था?”

“कहाँ से देखते,” भाभीजी म्हणाल्या, “हम तो कपिल की तरफ़ थे.”