बाटली उभी, योजना आडवी

महाराष्ट्रात दारूबंदी आहे. त्यासाठीचा अधिनियम १९४९ सालचा. त्याच्या नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला, पण तो रद्द झालेला नाही. या बंदीची अंमलबजावणी परवाने देऊन केली जाते. विकणाऱ्याला परवाना लागतो आणि पिणाऱ्यालाही. एका दिवसाचा परवाना देशीसाठी २ रुपयांचा, विदेशीसाठी ५ रुपयांचा. तो दिला जातो पिणाऱ्याच्या आरोग्याचे रक्षण व्हावे म्हणून. त्यामुळे परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या दुकानातून देशी संत्र्याची क्वार्टर खिशात घालून निघालेला इसम कायद्याच्या लेखी औषध घेऊन घरी चाललेला असतो. सरकारी दवाखान्यात केसपेपरसाठी रांग लावावी लागते. या औषधाला ती अट नाही.

नियोजन म्हणजे काय, हे पाहायचे तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे पाहावे. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले, धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराला मान्यता दिली आणि १४ हजार कोटींच्या वाढीव महसुलाचा अंदाज मांडला. देशीच्या १८० मिलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. त्याच बैठकीत विभागाला ७४४ नवी आणि ४७९ पर्यवेक्षीय पदे मंजूर झाली. उद्दिष्ट, रक्कम, मनुष्यबळ, सगळे एकाच दिवशी. राज्याने व्यसनमुक्तीचेही धोरण २०११ साली जाहीर केले, पण किती माणसांची दारू कोणत्या वर्षापर्यंत सुटावी, असा आकडा काढण्याची घाई कोणी केलेली नाही.

दुकान नको असेल तर लोकशाहीचा मार्ग मोकळा आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतले जाते. चिठ्ठीवर एक बाटली उभी, एक आडवी. आडवीला निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद. यातली मेख अशी, की निम्म्याहून अधिक म्हणजे झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिलांच्या. गंगाखेड तालुक्याच्या डोंगरी भागातून दिवाळीनंतर कोयते बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेला, उन्हाळा लागेपर्यंत परमुलखातल्या उसाच्या फडात. समजा, यादीत १००० महिला आहेत आणि ३०० फडावर गेल्या आहेत. उरलेल्या ७०० पैकी ५०० जणींनी बाटली आडवी केली आणि फक्त १० जणींनी उभी ठेवली, तरी बाटली उभीच राहते. कोल्हापुरात मोळ्या बांधणारी बाई स्वतःच्या गावात दारूच्या बाजूने मोजली जाते. तिला ते कळवण्याची तरतूद मात्र नाही.

दुकान टिकले की उपचाराचा विषय येतो, आणि तो तीन खात्यांत वाटलेला आहे. दारूचा महसूल उत्पादन शुल्काचा, व्यसनमुक्ती सामाजिक न्यायाची, मानसिक आरोग्य सार्वजनिक आरोग्य खात्याचे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारांत धरले. किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर रुग्णाने त्याच जिल्ह्यातली दुसरी सेवा घ्यावी, खर्च सरकार देईल, असेही त्यात म्हटले आहे. जिल्ह्यात दुसरीही नसेल तर काय, या प्रश्नावर कायदा मौन पाळतो. ब्रिटिश अमदानीपासूनची राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. आंबेजोगाई आणि नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विभाग आहेत, पण ते गाठायला नातेवाईक, भाडे आणि बुडालेली मजुरी लागते. येरवड्याच्याच आवारात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथली उपचारपद्धती गंगाखेडला ठाऊक असते ती मुख्यतः पुस्तकांतून. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या २०१९ च्या पाहणीप्रमाणे, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एखाद्यालाच काही मदत मिळते, तर भरती होऊन उपचार १८० पैकी एकाला. बाकीच्यांसाठी जनजागृती आहे: प्रभातफेरी, शपथ, भिंतीवर कवटीचे चित्र.

दारापर्यंत येणारी यंत्रणा म्हणजे आशाताई. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ साली विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. झोप लागते का, जगण्याचा कंटाळा येतो का, अशी प्रश्नावली आशाने घरोघर भरायची. रुग्ण शोधण्याचे काम मानधनावरचीला, उपचाराचे काम बहुधा रिक्त पदाला. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांकही आहे. तिथे माणूस बोलतो, ऐकून घेतो, मराठीतही. सरकारी फोनच्या मानाने हे कौतुकास्पदच.

एवढ्यानेही न भागल्यास संत जनाबाईंच्या या जन्मगावी, गंगाखेडला, पिढ्यान्‌पिढ्यांचा एक उपाय आहे: माळ घालून दारू सोडणे. यात एकादशी आहे, आषाढी-कार्तिकीची वारी आहे, लक्ष ठेवणारे गाव आहे. म्हणजे ज्याला शासकीय भाषेत पाठपुरावा म्हणतात तो आयता मिळतो, आणि तोही बिनखर्चाचा. अडचण एकच. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, भिंतीवर नसलेले किडे दिसू लागतात. घरचे ‘बाहेरचे झाले’ म्हणून देवऋष्याकडे नेतात. खरे तर त्या वेळी हवे असते जीवनसत्त्व ब-१ चे इंजेक्शन, झटके थांबवणाऱ्या गोळ्या, एक खाट आणि रात्रपाळीला जागा असलेला डॉक्टर. यासाठी वेगळ्या शोधाची गरज नाही. तालुक्याच्या रुग्णालयात हे करता येते, फक्त त्यासाठी पद मंजूर करणारी बैठक अजून व्हायची आहे.