टॉवर आमच्या इंदरगंजात उभे करा!

प्रति,
मा. जागा-निवड अधिकारी,
कोणतीही पवनऊर्जा कंपनी,
मु. पो. जिथे वारा तिथे

विषय : इंदरगंज चौराहा, लष्कर, ग्वाल्हेर येथे पवनचक्क्या उभारण्याबाबत आग्रहाचं निमंत्रण

महोदय,



खेड-मावळचे डोंगर, पाटणची पठारं, साक्रीची माळरानं इथली माणसं आपल्याला फार छळतात, असं कानावर आलं. मोजणीला गेलेल्यांना परत पाठवतात, गाड्या अडवतात, वर पवनचक्क्यांनी पाऊस पळवला म्हणतात. आपण जग वाचवायला निघालेले आणि ही मंडळी विचारतात, गुरं कुठे चारायची!

आम्ही इंदरगंजातली मराठी माणसं मात्र हरित ऊर्जेची कट्टर पुरस्कर्ती. मे महिन्यात लू सुटली आणि बत्ती गुल झाली की हा पुरस्कार शिगेला पोचतो. म्हटलं, लांबून टाळ्या वाजवण्यापेक्षा आपल्यालाच घरी बोलवावं. वारा इथे बेताचा आहे, हे कबूल. पण आमचा उत्साह मेगावॅटमध्ये मोजलात तर तूट सहज भरून निघेल.

अट एकच. तिकडच्या लोकांना जी वागणूक मिळाली, तीच आम्हालाही मिळावी. त्यात भेदभाव नको.

सुरुवात परवानगीपासून करू. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जेचं नावच नाही. म्हणजे आघाताचा अहवाल नको आणि जनसुनावणीही नको. हे बरंच आहे. आमच्याकडे जनसुनावणी ठेवलीत तर तिचे पहिले तीन तास पार्किंगवरच जातील.

मग जागेच्या पाहणीचं. भीमाशंकर अभयारण्याला लागून खेड-मावळच्या डोंगरांवर आंध्रा लेक पवन प्रकल्प झाला. क्षमता 113.6 मेगावॅट, त्यासाठी सुमारे 194 हेक्टर वनजमीन. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. तिथल्या वनक्षेत्रपालाने वर कळवलं होतं, की इथे सदाहरित जंगल आहे, शेकरू भरपूर आहेत, सुमारे 28,000 झाडं तोडावी लागतील, सबब मंजुरी देऊ नये. वरिष्ठांनी त्याचं म्हणणं बाजूला ठेवलं. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पण फायलीवर हरकत नोंदवायला तोही आला नाही. आमच्याकडे शेकरू नाहीत, माकडं आहेत. त्यांची नोंद करू नये, ही विनंती.

आता रस्ता. आपलं एकेक पातं भलतंच लांब, ते आमच्या गल्लीच्या वळणावर अडणारच. चिंता नको. सह्याद्रीत डोंगराची कूस कापून रुंद रस्ते काढले आणि निघालेला दगड-मुरूम खालच्या ओढ्यांत लोटला. इथे चार वाडे कापा आणि राडारोडा नाल्यात लोटा. पावसाळ्यात पाणी घरात शिरलं तर आम्ही ते निसर्गाच्या खात्यावर टाकू.

फाटकाचं मात्र विसरू नका. त्या डोंगरांवर कंपनीने पाट्या लावल्या, तपासणी नाके बसवले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथून ये-जा करणाऱ्यांना अडवलं, असंही तो अहवाल सांगतो. तेव्हा दाल बाजाराच्या तोंडाशी एक आडवा बांबू टाकाच. तूरडाळ आणायला निघालेल्या आमच्या काकूंना पहारेकऱ्याने विचारावं, "कुठे चाललात? कुणाला विचारून?" काकू काय उत्तर देतील ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण तोही स्थानिक विरोधच समजावा.

राहिली संमती. 2006 चा वनहक्क कायदा आहे. वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती घ्या, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं 2009 मध्ये परिपत्रकही निघालं होतं. ते आम्ही मनावर घेणार नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 च्या सुमारास इथे पडली आणि तिचं लष्कर शहर झालं, तेव्हा आमच्या पूर्वजांनी तरी कुठला ठराव मागितला होता?

शास्त्राचंही पाहून ठेवलं आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर संशोधकांनी केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट दिसले. चक्क्यांखाली पक्षी घटले, त्यामुळे सरडे वाढले. गळ्याला निळी-काळी-नारिंगी झालर असलेले हे देखणे सरडे तिथे निर्धास्त झाले खरे, पण त्यांच्या झालरीचा रंग फिका पडला. म्हणजे ज्या माळाची नोंद पडीक म्हणून होते, त्यावर इतकं सगळं नांदत असतं. पवनचक्की धूर सोडत नाही, म्हणून तिचा भार कुणावर पडतच नाही असं नाही. तो कुणावर टाकायचा, हे ठरवण्याच्या बैठकीला डोंगरावरचं कुणी नसतं, इतकंच.

पाऊस पळवल्याचं म्हणाल, तर पात्यांना ढग हाकलता येत नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण डोंगरावर परकी यंत्रं येतात, वाट बंद होते, जमीन कुणाच्या नावावर गेली ते दलालालाच ठाऊक असतं आणि त्याच सुमाराला दुष्काळ पडतो. कुणी समोर बसून काही सांगितलंच नाही, तर माणूस आपल्या अकलेने कारण शोधणारच. त्याला अडाणी ठरवणं मात्र सोपं, कारण त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही.

कोळसा जाळून राखेखाली गाडून घेण्यापेक्षा वाऱ्याची वीज हजार पटींनी बरी, हे आम्ही आजही मानतो. म्हणूनच हे निमंत्रण. आपल्याला ते अव्यवहार्य वाटलं, तर तसं लेखी कळवावं आणि कारणंही द्यावीत : लोकांची रोजची वहिवाट, जुनी घरं, रहिवाशांची नाराजी. ते पत्र आम्ही जपून ठेवू. त्यातलं इंदरगंज खोडून कुठल्याही डोंगरगावाचं नाव घातलं, तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही.



आपला,
एक इंदरगंजवासी

ता. क. : पाहणीला आलात आणि आम्ही रस्त्यावर उतरलो, तर गैरसमज नसावा. डोंगरातली माणसं असं करतात तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणतात. आम्ही शहरात राहतो. आम्हाला जागरूक नागरिक म्हणतात.