कर्नलचं सोवळं

आमच्या घरातलं सोवळं आजीबरोबरच गेलं, अशी माझी समजूत होती. गेल्या शनिवारी कळलं की ते लॅपटॉपात शिरून बसलंय.

विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि आमचा लॅपटॉप 11 च्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स टाका. फुकट आहे, शिवाय मुक्त आहे." फुकट म्हटल्यावर आमच्या घराण्यात आजवर कुणी नकार दिलेला नाही. लिनक्स अर्ध्या तासात बसलं. लॅपटॉपातलं वायफाय कार्ड मात्र आधीच वारलं होतं, म्हणून अंगठ्याच्या पेराएवढं यूएसबी कार्ड विकत आणलं. खोक्यावर बारीक अक्षरात 'लिनक्सवर चालते' असं छापलं होतं. विम्याची पॉलिसी घेऊनही माणूस बारीक अक्षरांवर विश्वास ठेवतो तो ठेवतोच.

कार्ड खोचलं. दारात कोण आलंय हे विचारायला 'एलएसयूएसबी' नावाची आज्ञा असते. ती दिली. उत्तर आलं, सीडी आलीय.

थट्टा नाही. यातली काही कार्डं विंडोजचा ड्रायव्हर पोटात घेऊनच जन्माला येतात आणि खोचल्या खोचल्या सीडीचं सोंग घेतात. विंडोजने त्या 'सीडी'तून ड्रायव्हर उचलला की सोंग उतरवून वायफाय होतात. लिनक्सपुढे सोंग उतरवायला कुणी सांगतच नाही. दारात आलेल्या बहुरूप्याला खरा फौजदार समजून आपण चहा ठेवावा आणि त्यानेही तो निमूट प्यावा, तसं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी भाच्याने नसलेली सीडी बाहेर काढायची आज्ञा दिली, तेव्हा गडी माणसात आला.

माणसात आला, पण मुका. त्याचा ड्रायव्हर आमच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नव्हता. कुणा परोपकारी माणसाने तो लिहून इंटरनेटवर ठेवला होता. म्हणजे इंटरनेट मिळवायला आधी इंटरनेट हवं. मग बायकोचा फोन केबलने जोडला, टेदरिंग चालू केलं आणि क्षणात सगळं जग समोर. त्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल असतं. एक भाऊ दुसऱ्याच्या दारात वाटीभर साखर मागत उभा, आणि मधे माझी केबल.

कार्डाला फर्मवेअरही लागतं. वीज मिळाली की दर वेळी ते नव्याने पाजावं लागतं. फर्मवेअर म्हणजे काकूंचा गोडा मसाला. डबा मिळेल, कृती मिळणार नाही. काही काकू तर डबासुद्धा पुढे कुणाला देऊ नका म्हणून बजावतात. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांसाठी लोकांनी दोन गट केले होते. एकाने कंपनीचा ड्रायव्हर उसवून त्याचं वर्णन लिहायचं, दुसऱ्याने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता नुसत्या वर्णनावरून नवा लिहायचा. तो 2006 मध्ये कर्नलमध्ये दाखल झाला. मसाला मात्र कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून घ्यावा लागे.

डेबियनच्या स्वयंपाकघरात असला मसाला ओवळा. कृती ठाऊक नसलेली वस्तू मुख्य चुलीजवळ येऊ द्यायची नाही, तिची फळी वेगळी. वर्षानुवर्षं माणसं वायफायविना डेबियन बसवत राहिली. अखेर ऑक्टोबर 2022 मध्ये मंडळींनी मतदानाने कौल दिला, आणि 10 जून 2023 ला आलेल्या डेबियन 12 पासून फर्मवेअरला पंगतीत पाट मिळाला. मला या लोकांबद्दल खरोखर आदर आहे. सोवळं सोडायला रीतसर मतदान घेण्याची पद्धत आमच्याकडे असती, तर आजोबांना इराण्याच्या हॉटेलात चोरून चहा प्यावा लागला नसता.

रात्री साडेअकराला ड्रायव्हर तयार झाला. तो कर्नलमध्ये चढवला आणि पडद्यावर अख्ख्या बिल्डिंगची वायफायं उमटली. मी कौतुकाने लॉग उघडला. त्यात कर्नलने लिहून ठेवलं होतं की झाडाबाहेरचं मॉड्यूल, म्हणजे मूळ कर्नलमध्ये नसलेला आमचा ड्रायव्हर, आत घेतल्यामुळे आपण 'टेंटेड' झालो आहोत. टेंटेड म्हणजे विटाळलेलं. मॉड्यूलचा परवाना मुक्त होता, चालचलणूक चांगली होती, फक्त वंशवृक्षावर नाव नव्हतं. आणि ते मॉड्यूल मागाहून काढून टाकलं तरी शिक्का पुसत नाही. अशा कर्नलचं गाऱ्हाणं ऐकायला विकसक मंडळी नाखूश असतात. प्रायश्चित्त एकच, रीस्टार्ट.

आई जागीच होती. तिला सगळं समजावून सांगितलं. "मग घाल की त्याला आंघोळ," ती म्हणाली.

घातली. विटाळ किती उरलाय हे कर्नलला विचारता येतं. विचारलं. उत्तर आलं, 0. फक्त वायफायची खूण कुठे दिसेना. ड्रायव्हर कायमचा बसवायचा राहूनच गेला होता. दारात कोण आहे म्हणून पुन्हा विचारलं.

सीडी आलीय.