जरा हे धरता का?

नानांनी काढलेला फोटो पाहून कुणी विचारलं, "हा स्टुडिओत काढलाय का हो?" की नानांची कळी खुलते. मान तिरकी करून ते म्हणतात, "सांगा बघू, उजेड कुठून आलाय?" समोरच्याला अर्थातच सांगता येत नाही. पुढचा अर्धा तास मग नाना सांगतात. थोडक्यात सांगायचं तर उजेड परातीतून आलेला असतो.

नाना डोंबिवलीला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. जन्मभर पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं. निवृत्तीनंतर मुलानं त्याचा जुना कॅमेरा त्यांच्या हवाली केला, आणि त्या वन बीएचकेमधली एकही वस्तू मूळ कामावर राहिली नाही. इस्त्रीचं टेबल हे फोटोचं टेबल झालं. मोरीतली प्लास्टिकची बादली तळ कापून दिव्याभोवती बसली. कपड्यांचे चिमटे तर कपड्यांना मिळतच नाहीत; नानांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, ओले टॉवेल दोरीला गाठ मारून वाळत घालतात. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखराचे जुने तक्ते नानांनी माळ्यावर दडवले. हल्ली पाहुण्यांना ते दाखवताना आवाज जरा खाली येतो.

"विकत कशाला आणायचं? घरात काय कमी आहे?" हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "उजेड मऊ पाहिजे." आणि तिसरं, ज्याला आख्खी इमारत घाबरते ते, "जरा हे धरता का?"

दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. दिवा लहान असेल तर सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. तोच उजेड मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागावरून आला, आणि तो पृष्ठभाग वस्तूच्या जवळ असला, तर सावलीची कड विरघळते. दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. हे नाना जिन्यात, रिक्षात आणि एकदा एका बारशात पाळण्यावरचा दिवा हलवताना सांगत होते. दुकानात ज्याला सॉफ्टबॉक्स म्हणून हजारो रुपये मोजतात, तो म्हणजे आतून चकचकीत आणि तोंडावर पांढरं कापड लावलेला डबा, हेही त्यांचंच. त्यांनी तो टीव्हीच्या खोक्यातून केलाय. वर अजून "ही बाजू वर" असं छापलेलं आहे, आणि ती बाजू खाली आहे.

गणेश चतुर्थीला उकडीच्या मोदकाचा फोटो काढायचा सोहळा एकदा पाहण्यासारखा असतो. काकूंचा नियम कडक: आधी नैवेद्य, मग कॅमेरा. त्यामुळे नानांच्या वाट्याला दुसरा घाणा येतो. खिडकीच्या गजांना बटर पेपर चिकटवलेला असतो. मोदकामागे थोडं अंतर ठेवून काकूंची पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा टांगलेली असते, कारण वाफ दिसायची तर मागे काळोख हवा आणि उजेड मागच्या अंगानं तिरपा यायला हवा. पुढून थर्मोकोलचा तक्ता आणि उजवीकडून पितळी परात, "सोनेरी झाक येते" म्हणून. पण मोदक फार वेळ वाफाळत नाही. म्हणून त्याच्या आडोशाला उकळत्या पाण्याची वाटी लपवायची, पारीवर बोटभर तूप फिरवायचं आणि ओरडायचं, "पंखा बंद करा! कुणी श्वास सोडू नका!" पानावर बसलेली मंडळी श्वास धरून, भाताकडे बघत थांबतात. फोटो खरोखर अप्रतिम येतो. बघणारा म्हणतो, "काय वाफाळतोय मोदक!" तो मोदक तोवर गार होऊन पारीला चिरा गेलेला असतो.

थेंबाचा किस्सा तर इमारतीत अजून सांगतात. कुठल्याशा पुस्तकात नानांनी हॅरॉल्ड एजर्टनचा १९५७ चा फोटो पाहिला: दुधाचा थेंब पडून उडालेला मुकुट. एजर्टनकडे अमेरिकेतल्या एमआयटीची प्रयोगशाळा होती. नानांनी केमिस्टकडून सलाईनचा सेट आणला, बाटली पडद्याच्या दांडीला टांगली, खाली ढोकळ्याची थाळी पाण्यानं भरून ठेवली आणि भर दुपारी खोलीत अंधार केला. अंधार अशासाठी, की थेंब गोठवतो तो शटर नव्हे, फ्लॅश. फ्लॅशची ताकद कमी केली की त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकते, आणि तेवढ्यात पाणी जिथल्या तिथे थांबलेलं दिसतं. दार मात्र उघडं होतं. तळमजल्यावरच्या वहिनींनी जाता जाता पाहिलं: पडदे ओढलेले, सलाईन लावलेलं, काकू डोळे मिटून बसलेल्या. (काकू फ्लॅश डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटून थाळी धरत होत्या.) संध्याकाळपर्यंत भेटायला आठ माणसं आली. दोघांनी शहाळी आणली. नानांनी एक फोडून पाणी उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, "किंचित गढूळ आहे. थेंब सुरेख उठेल." ते सलाईनच्या बाटलीत गेलं.

इमारतीतले ज्येष्ठ नागरिक मात्र नानांवर जीव टाकतात. कारण कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण सगळ्यांना एक चांगला फोटो काढून ठेवायचा असतो, "नंतर पेपरात द्यायला." ग्रुप फोटोतून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात असलेला फोटो आपल्या नशिबी नको, एवढीच इच्छा. नाना त्यांना गॅलरीच्या दाराशी स्टुलावर बसवतात, थेट उन्हात नाही, कडेला. मांडीवर पांढरा अभ्रा घातलेली उशी देतात. तिच्यावरून उसळलेला उजेड हनुवटीखालून चेहऱ्यावर चढतो, डोळ्यांखालचे खड्डे भरतो आणि दहा वर्षं पुसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी आपला फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हा आत्ताच दे पेपरात. तोवर थांबायचं कशाला?"

आता काकूंविषयी. नानांची दोन दैवतं आहेत. एक दादासाहेब फाळके. दुसरे छायाचित्रकार फिलिप हाल्समन, ज्यांनी १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये एका फोटोसाठी चित्रकार साल्वादोर दालीला हवेत उडवलं, आणि त्याच्याबरोबर तीन मांजरं, बादलीभर पाणी आणि एक खुर्चीही. मांजरं २८ वेळा फेकावी लागली. नानांनी हे सांगितलं की काकू विचारतात, "खुर्ची कशी हो तरंगली?" नाना पुटपुटतात, "ती हाल्समनच्या बायकोनं धरली होती." "आणि फाळक्यांच्या वेळी?" फाळक्यांच्या चित्रीकरणात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई तासन्‌तास उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, उजेड परतवायला. हे नानांनीच काकूंना कौतुकानं सांगितलेलं, आता पस्तावतात. "म्हणजे तिकडे खुर्ची, इकडे चादर," काकू म्हणतात, "आणि डोंबिवलीत परात."

प्रत्येक फोटोची मांडणी नाना एका दोनशे पानी वहीत आखून ठेवतात, कानस शिकवणाऱ्याला शोभेल अशा नेटक्या रेघांनी. गोल म्हणजे दिवा, चौकोन म्हणजे थर्मोकोल, फुली म्हणजे वस्तू. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर एक बारीक "का" असतो: "का – ४५ अंश, ३ फूट, किंचित खाली." मला आधी वाटलं कार्डबोर्ड. ती काकू. नानांच्या एकाही फोटोत काकू नाहीत आणि एकही फोटो त्यांच्यावाचून झालेला नाही. पण त्याबद्दल काकूंना फार दुःख आहे असं समजू नका. "डावीकडून जळतंय, जरा मागे घ्या," असं हल्ली त्याच सांगतात, आणि नाना मुकाट्यानं दिवा मागे घेतात.

नानांच्या पंच्याहत्तरीला आम्ही इमारतीतल्यांनी वर्गणी काढून त्यांना एक घडीचा रिफ्लेक्टर दिला, पांढरा-सोनेरी-चंदेरी असा. पिशवीतून काढताच तो फाडकन उघडला. परत घडी काही कुणाला घालता येईना, वर्कशॉपवाल्या नानांनासुद्धा. सध्या त्यावर गच्चीत सांडगे वाळतात.

तुमच्याही इमारतीत असे एक नाना असतीलच. त्यांना भेट म्हणून काही आणू नका, त्यांना लागणारं सगळं तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात आहे. फारच वाटलं तर त्यांच्या घरच्या काकूंसाठी एक भक्कम लाइट-स्टँड घेऊन जा. आणि लगेच निघा, नाहीतर तो जोडून होईपर्यंत परात तुमच्या हातात असेल.